फिरता दांडा

आज मी तुमच्याशी एका दांड्याविषयी बोलणार आहे. ट्रॅक्टरच्या पाठीमागून निघून मळणीयंत्रात शिरणारा हा लोखंडी दांडा. लांबीला जेमतेम पुरुषभर, जाडीला मनगटाएवढा. कुणी त्याला शाफ्ट म्हणतं, कुणी पीटीओचा दांडा म्हणतं. मळणीयंत्राला आपल्याकडे हडंबा म्हणतात, आणि हडंब्याची किंमत किती, ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा, ह्याची चर्चा पारावर रोज होते. पण ज्याच्यातून ती सगळी शक्ती वाहते त्या दांड्याची विचारपूस कुणी करीत नाही. तो मोडला म्हणजे मगच त्याची आठवण होते.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. मग ह्या गृहस्थाला ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार काय, असं तुम्ही विचाराल. अधिकार एवढाच, की ह्या बाबतीत मी एक मोठी चूक केलेली आहे, आणि ती तुमच्या हातून होऊ नये अशी माझी इच्छा आहे.

माझं गाव तेरखेडा. सोलापूरहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचं, धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातलं. शोभेच्या दारूसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. दिवाळी आली की लांबलांबची गिऱ्हाइकं फटाक्यांसाठी इथं उतरतात. त्यामुळे धोक्याच्या वस्तूशी कसं वागावं, हे आमच्या गावाला नव्यानं शिकवायला नको. दारूच्या कामावर जाताना माणूस खिशातली काडेपेटी बाहेर ठेवून जातो. त्यासाठी त्याला कुणी बजावावं लागत नाही. तीच माणसं संध्याकाळी खळ्यावर येतात आणि मिनिटाला ५४० फेरे घेणारा उघडा दांडा ओलांडून पलीकडे जातात. दारूचा धोका दिसतो, तिचा वास येतो. दांड्याला ना वास, ना ज्वाळा. तो इतक्या सारखेपणानं फिरतो, की लांबून पाहिलं तर स्थिरच वाटतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा होऊन गेला होता. सोयाबीनची गंज रानात उभी, आभाळ भरून आलेलं आणि हडंबा भाड्यानं मिळालेला तोही एका दिवसाच्या बोलीनं. दांड्यावर प्लास्टिकच्या नळीसारखं एक आवरण असतं. ते एका बाजूला तडकलं होतं आणि फिरताना खडखडत होतं. ग्रीस भरायलाही त्याची अडचण होत होती. ट्रॅक्टरवाल्यानं मला विचारलं, "सर, काढून ठेवू का?" मी म्हटलं, "काढ. एका दिवसाचं तर काम आहे."

दिवेलागणीच्या सुमारास आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, पलीकडचं घमेलं आणायला दांड्यावरून ओलांडून निघाले. धोतराचा सोगा दांड्याला लागला. 'टर्र' असा एक आवाज झाला आणि अण्णा खाली आले. ट्रॅक्टरवाला सावध होता, त्यानं क्लच दाबला. तोवर धोतर कमरेपाशी फाटून दांड्याला गुंडाळलं गेलं होतं. अण्णांचा उजवा हात खांद्यात निखळला होता आणि दोन फासळ्या मोडल्या होत्या.

अण्णा वाचले. पण ते माझ्या शहाणपणानं नव्हे, धोतराच्या जीर्णपणानं. दसऱ्याला घेतलेलं नवं धोतर घडी न मोडता पेटीत होतं. रानातल्या कामाला कशाला नवं, म्हणून त्यांनी जुनं विटलेलं नेसलं होतं. नवं असतं, किंवा हल्लीच्या न फाटणाऱ्या धाग्याचं असतं, तर आज मी हे भाषण करू शकलो नसतो. त्यांचा उजवा हात अजूनही खांद्याच्या वर जात नाही. फेटा बांधायला दुसऱ्याचा हात लागतो. लग्नकार्यात तो हात पुष्कळदा माझा असतो. दवाखान्यात ते मला एवढंच म्हणाले होते, "अरे, दांड्याची काय चूक? त्याला फिरायचंच शिकवलंय."

तेव्हापासून मी हा दांडा समजून घ्यायला लागलो. गावच्या मिस्त्रीजवळ बसलो, महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारलं. जे कळलं ते दोन वाक्यांत सांगतो. फिरत्या यंत्राला थांबलेलं यंत्र जोडायचं ते हळू. आणि जो दांडा फिरतो तो झाकलेला. बाकी सगळी निगा ह्या दोन वाक्यांच्या पोटात येते.

आधी पहिलं वाक्य घेऊ. जुन्या काळी खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात धरीत. बैल थांबलेले असत, त्यांना हाकललं की ते एकेक पाऊल टाकीत वेग घेत. जनावर आपला वेग आपण वाढवतं. इंजिनाचं तसं नाही. ते आधीच वेगात फिरत असतं, आणि हडंब्याचा जड ढोल मात्र स्वस्थ उभा असतो. ह्या दोघांची एकदम गाठ घालून दिली तर दोहोंपैकी एक होणार. एक तर इंजिन बंद पडेल, नाही तर मधलं काहीतरी मोडेल. म्हणून दोघांच्या मध्ये क्लच असतो.

क्लच म्हणजे काय? दोन चकत्या. एक इंजिनाबरोबर फिरणारी, दुसरी थांबलेली. त्या एकमेकींवर हळूहळू दाबल्या म्हणजे पहिली दुसरीला घासत घासत आपल्याबरोबर फिरवू लागते. शेवटी दोघींचा वेग एक होतो आणि घासणं थांबतं. आम्ही अर्थशास्त्रात यंत्राची किंमत वर्षागणिक कमी होते तिला घसारा म्हणतो. हा शब्द क्लचला किती नेमका लागू पडतो, हे मला मिस्त्रीच्या दुकानात उमगलं. क्लचचं काम घासण्याचं आणि त्याचं मरणही घासण्यातच.

घासलं की उष्णता आली. ही उष्णता किती, ह्याचं गणित सोपं आहे. इंजिनाचा वेग तोच ठेवून ढोलाला त्या वेगापर्यंत आणलं, तर जितकी ऊर्जा ढोलात साठते तितकीच उष्णता क्लचच्या प्लेटमध्ये निघते. आणि ढोलातली ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे इंजिन निम्म्या वेगावर असताना जोडणी केली, तर प्लेटला चटका बसतो तो चौथाई. एकदा दोघं एकत्र फिरू लागले, की मग खुशाल वेग वाढवा. तेव्हा प्लेट घासतच नाही, त्यामुळे तापतही नाही. हात तोच, ट्रॅक्टर तोच, फक्त आधी काय आणि मागून काय ह्याचा क्रम बदलला, की प्लेटचं आयुष्य कितीतरी वाढतं.

आमच्या गावातले चालक नेमकं उलट करतात. आधी इंजिनाचा आवाज वाढवायचा आणि मग धाडकन क्लच सोडायचा. त्यात त्यांना मर्दुमकी वाटते. दुसरी खोड म्हणजे काम चालू असताना पाय क्लचवर टेकवून ठेवणं. पायाचा थोडाही भार पडला तरी चकत्यांची पकड सैल होते आणि त्या दिवसभर घासत राहतात. मिस्त्री मला म्हणाला, "सर, क्लच आधी पायानं जळतो, आगीनं नंतर." ह्याहून नेमका धडा कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

क्लच बिघडतो आहे हे कसं ओळखावं? इंजिनाचा आवाज चढतो, पण हडंब्याचा वेग चढत नाही, तर प्लेट घसरते आहे असं समजावं. जळका, करपलेला वास आला तर ती खात्रीच. पॅडल दाबायला लागल्यावर आधी थोडं मोकळं हललं पाहिजे. पुष्कळ ट्रॅक्टरांत ही मोकळीक सुमारे बोटाच्या एका पेराएवढी असते. नेमकी किती, ते ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेलं असतं. मोकळीक अजिबात नसेल तर प्लेट सदा घासते. फार असेल तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर टाकताना दाते करकरतात. प्लेटवर तेल गळत असेल तर ती कितीही दाबली तरी पकडणार नाही. तिथं प्लेट बदलण्याआधी गळती बंद करावी लागते, नाही तर नव्या प्लेटचीही तीच गत व्हायची.

आता दांड्याकडे येऊ. ट्रॅक्टर आणि हडंबा काही एका पातळीवर, एका सरळ रेषेत उभे नसतात. जमीन उंचसखल असते. म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना वाकता येईल असे सांधे असतात. दोन काटे आणि त्यांच्यामध्ये अधिक चिन्हासारखी चौफुली. आपण तिला क्रॉस म्हणतो. १७व्या शतकातल्या रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाचं नाव ह्या सांध्याला मिळालं आहे. शिवाय दांडा एका अखंड तुकड्याचा नसतो. एक दांडा दुसऱ्या नळीत सरकतो, त्यामुळे अंतर कमीजास्त झालं तरी चालतं.

ह्या सांध्यात एक मौज आहे, आणि तीच न कळल्यामुळे पुष्कळ दांडे मोडतात. सांधा वाकलेला असताना एका टोकाला सारखा वेग दिला, तरी दुसऱ्या टोकाला तो सारखा येत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. म्हणून दोन सांधे लावतात. पहिल्यानं बिघडवलेलं दुसरा दुरुस्त करतो. पण केव्हा? मधल्या दांड्याचे दोन्ही काटे एकाच पातळीत असतील तेव्हाच. आपल्याकडचा दांडा बहुधा चौकोनी असतो. तो चौकोनी नळीत चार रीतींनी बसू शकतो. त्यांपैकी दोन बरोबर, दोन चूक. वाहतुकीसाठी दांडा सोडवला आणि पुन्हा घाईनं बसवताना पाव फेरा इकडचा तिकडे झाला, की दुसरा सांधा पहिल्याची चूक दुरुस्त करण्याऐवजी तिच्यात भर घालतो. मग सगळं यंत्र थरथरू लागतं. शेतकरी म्हणतो, हडंबा जुना झाला. हडंबा जुना झालेला नसतो, दांडा पाव फेरा चुकलेला असतो.

आता जरा लांबचं एक उदाहरण देतो. लांबचं म्हणजे थेट आकाशातलं. पण हा दांडा आणि हा क्लच तिथंही भेटतात, आणि तिथं त्यांची निगा कशी राखतात हे पाहिलं, की आपल्याला आपली चूक दिसते.

जायरोप्लेन नावाचं एक छोटं विमान असतं. डोक्यावर हेलिकॉप्टरसारखी लांब पाती असतात. पण हेलिकॉप्टरची पाती इंजिन फिरवतं, आणि ह्याची पाती उडताना नुसत्या वाऱ्यावर फिरतात. जत्रेत घेतलेली भिंगरी हातात धरून पोर पळत सुटलं, की ती आपोआप फिरते ना? तसंच. इंजिन फक्त विमानाला पुढे ढकलतं. खुआन दे ला सिएर्वा ह्या स्पॅनिश अभियंत्यानं बनवलेलं असं विमान १९२३ सालच्या जानेवारीत माद्रिदजवळ पहिल्यांदा यशस्वी उडालं. पुढे १९२८ साली त्यानं आपल्या अशाच एका विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली.

पण एक अडचण होती. भिंगरी फिरायला आधी वारा हवा, आणि वारा मिळायला विमान धावायला हवं. थांबलेल्या पात्यांना पहिला वेग द्यायचा कसा? सुरुवातीला पात्यांच्या मुळाशी दोर गुंडाळून तो ओढीत, पोरं भोवरा फिरवतात तसा. नाही तर विमान मैदानावर इकडून तिकडे धाववीत. पुढे अभियंत्यांनी युक्ती काढली. इंजिनाचीच थोडी शक्ती क्लचमधून घ्यायची, दांड्यावाटे वर न्यायची आणि उड्डाणाआधी पाती फिरवून घ्यायची. ह्या जुळणीला प्रीरोटेटर म्हणतात.

आता तिचे भाग ऐका. इंजिनाजवळ क्लच, कित्येक विमानांत तो पट्ट्याचा असतो. तिथून वर जाणारा दांडा. दांड्याला चौफुलीचे वाकते सांधे. एकात एक सरकणारे दोन तुकडे. आणि वरच्या टोकाला एक लहान दातेरी चाक, जे पात्यांच्या मोठ्या दातेरी चाकात जाऊन बसतं आणि काम झालं की मागे सरतं. आपल्या गाडीच्या स्टार्टरमध्ये असतं, तसंच. म्हणजे शेवटचं चाक सोडलं तर हा आपल्या हडंब्याचाच दांडा! वैमानिकही इंजिन हळू ठेवून क्लच जोडतो, पाती बरोबर फिरू लागली की मग हळूहळू वेग चढवतो. मिनिटाला सुमारे २०० फेऱ्यांपर्यंत पाती गेली, की क्लच सोडून धावायला लागतो आणि पुढचं काम वारा करतो. क्लच नीट सुटला नाही, किंवा दातेरी चाक मागे सरलं नाही, तर जमिनीवर सोय म्हणून लावलेला दांडा आकाशात संकट होऊन बसेल.

म्हणून उड्डाणापूर्वी वैमानिक काय करतो? इंजिन बंद असताना पट्ट्याचा ताण पाहतो. सांधे हातानं हलवून ढिलाई आहे का बघतो. सरकता भाग मोकळा सरकतो का, त्याला ग्रीस आहे का, ते तपासतो. दातेरी चाक आपल्या जागी परत आलं आहे, ह्याची खात्री करतो. सगळे बोल्ट डोळ्यांखालून घालतो. हे सगळं तो आठवणीवर सोडत नाही. कागदावर यादी असते आणि ती ओळीनं वाचली जाते. काल तपासलं होतं, हे उत्तर तिथं चालत नाही.

श्रोते हो, वैमानिकाला हे करावं लागतं, कारण दांडा बिघडला तर तो खाली पडेल हे त्याला ठाऊक असतं. आपण जमिनीवरच असतो, म्हणून आपल्याला भीती वाटत नाही. पण खळ्यावर दांडा बिघडला तर पडणारा माणूस आपलाच असतो. मग आपल्या हडंब्यालाही तशीच एक यादी का नसावी? मी आमच्या शेतासाठी केलेली यादी सांगतो. सात कलमं आहेत. इंजिन बंद करून, किल्ली स्वतःच्या खिशात घालून मगच ह्या तपासणीला हात लावावा.

पहिलं, आवरण. दांड्यावरची नळी अखंड असावी, आणि तिची साखळी ट्रॅक्टरला व यंत्राला अडकवलेली असावी. साखळीमुळे आत दांडा फिरतो आणि बाहेरची नळी स्थिर राहते. नळी हातानं फिरवून पाहावी. ती दांड्यावर मोकळी फिरली पाहिजे. ट्रॅक्टरच्या मागच्या टोकावरचं लोखंडी छप्परही जागेवर असावं.

दुसरं, क्रॉस. दोन्ही सांधे हातानं हलवून पाहावेत. खडखड वाजले तर बेरिंगं झिजली आहेत. कामाच्या दिवसांत दर ८ तासांनी, म्हणजे रोज एकदा, निपलमधून ग्रीस द्यावं. आवरणामुळे निपलपर्यंत ग्रीसगन पोचत नसेल तर आवरण सरकवावं, पण ते पुन्हा जागेवर आणल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. माझी चूक इथंच झाली.

तिसरं, काटे. मधल्या दांड्याचे दोन्ही काटे एका पातळीत आहेत ना, ते पाहावं. एकदा बरोबर बसवून दोन्ही तुकड्यांवर रंगाची एकेक खूण करून ठेवावी. मग पोरालाही तो चुकीचा बसवता येणार नाही.

चौथं, सरकता भाग. कामाच्या वेळी निदान एक तृतीयांश दांडा नळीच्या आत असावा. त्याहून कमी असेल तर तो निसटून फटका मारील. आणि ट्रॅक्टर मागे घेताना तो तळाला टेकूही नये, नाही तर बेरिंगावर घाव बसतो.

पाचवं, खटका. टोकाला दाबून बसवायची जी खीळ असते ती खाचेत बसली का, हे दांडा मागेपुढे ओढून पाहावं. नुसत्या 'टक्' आवाजावर विश्वास ठेवू नये.

सहावं, मऊ बोल्ट. पुष्कळ यंत्रांत एक बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. यंत्रात काही अडकलं तर तो तुटतो आणि बाकी सगळं वाचतं. तुटणं हेच त्याचं काम. तो सारखा तुटतो म्हणून कडक पोलादाचा बोल्ट घालणारा माणूस शंभराचा बोल्ट वाचवून हजारोंचा सांधा मोडून घेतो.

सातवं, उभं करण्याची रीत. ट्रॅक्टर आणि हडंबा होता होईतो सरळ रेषेत, सपाट जागी उभे करावेत. सांधा १५ अंशांहून जास्त वाकू देऊ नये. चाकांना दगड लावावेत. आणि माणसांची ये-जा ट्रॅक्टरच्या पुढून ठेवावी, दांड्याच्या बाजूनं नव्हे. जाण्यायेण्याची वाट आधी ठरवली, की दांडा ओलांडण्याचा प्रसंगच येत नाही.

इथं मी शिक्षकांना एक विनंती करणार आहे. वर्गातल्या मुलांना हे गणित घाला. दांड्याचे फेरे मिनिटाला ५४०, म्हणजे सेकंदाला ९. सांध्याचा व्यास ९ सेंटिमीटर धरला तर परीघ सुमारे २८ सेंटिमीटर. मग एका सेकंदात किती कापड गुंडाळलं जाईल? उत्तर येतं अडीच मीटर. आता दुसरा प्रश्न. कापड अडकलं हे कळून माणूस हात-पाय हलवीपर्यंत पाऊण सेकंद जातो असं धरा. तेवढ्यात किती कापड गेलं? जवळजवळ दोन मीटर. म्हणजे माणसाला कळतं तोवर धोतराचा अर्धा भाग दांड्यावर गेलेला असतो. पेन्सिलीला दोऱ्याचं टोक बांधून मुलांना ती बोटांनी फिरवायला सांगा. दोरा कसा ओढला जातो ते त्यांना डोळ्यांनी दिसेल. परीघ आणि वेग हे शब्द मग ती मुलं जन्मात विसरणार नाहीत. आणि घरी जाऊन तीच पोरं बापाला विचारतील, "बाबा, दांड्यावरची नळी कुठं आहे?" माझ्या भाषणापेक्षा त्या प्रश्नाचा गुण जास्त येईल.

खळ्यावरच्या आयाबहिणींसाठीही दोन शब्द. रानात काम करताना तुम्ही साडीवर जुना शर्ट घालता, ते फार चांगलं. पण बाह्यांची बटणं लावलेली असावीत. पदर खोचलेला आणि केस बांधलेले असावेत. डोक्याचा रुमाल मागे गाठ मारून आत खोचावा, त्याचं टोक लोंबतं ठेवू नये. हडंब्याच्या तोंडाशी पेंढी देताना हात आत जाऊ नयेत म्हणून लांब पन्हळीची सोय असते. भारतीय मानकाप्रमाणे ही पन्हळ निदान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातली ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली हवी. यंत्र भाड्यानं आणताना हे टेपनं मोजून घ्या. आणि क्लच दाबल्यावरही जड ढोल बराच वेळ फिरत राहतो, तो पुरता थांबल्याशिवाय आत हात घालू नका.

मळणीयंत्रांसारख्या यंत्रांपायी हातपाय गमावणाऱ्यांचा प्रश्न इतका गंभीर झाला, की १९८३ साली संसदेनं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या अपघातासाठी सरकारची साहाय्याची योजनाही आहे. गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाची ही योजना असून तिच्यात मृत्यू आल्यास २ लाख रुपये आणि एक हात किंवा एक पाय कायमचा गेल्यास १ लाख रुपये मिळतात. तालुक्याच्या कृषी कार्यालयात तिची चौकशी करावी. मी अर्थशास्त्राचा माणूस, पैशाला कमी लेखणार नाही. पण उजव्या हाताची किंमत काढायला आमच्या शास्त्रात अजून सूत्र सापडलेलं नाही.

आणि एवढं करूनही प्रसंग ओढवलाच, तर काय करावं? माणसाला ओढू नये. आधी यंत्र थांबवावं. म्हणून काम चालू असताना ट्रॅक्टर बंद करता येणारा एक माणूस सदैव हाताशी असलाच पाहिजे, आणि तो कसा बंद करायचा हे खळ्यावरच्या प्रत्येकाला दाखवून ठेवलं पाहिजे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरावं आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. बोट किंवा हात तुटला असेल तर तो भाग स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फात ठेवून बरोबर न्यावी. भाग थेट बर्फात ठेवू नये.

श्रोते हो, पुढल्या हंगामात तुमच्या खळ्यावर हडंबा येईल. आभाळ भरून आलेलं असेल, मजूर खोळंबलेले असतील, आणि कुणीतरी तुम्हांला विचारील, "हे आवरण काढून ठेवू का? एका दिवसाचं तर काम आहे." त्या वेळी काय उत्तर द्यायचं ते आताच ठरवून ठेवा. मी तेव्हा जे उत्तर दिलं ते तुम्ही ऐकलंच आहे. ह्या वर्षी आमच्या हडंब्यावर नवी नळी आणली आहे. बसवताना अण्णा जवळ उभे होते. डाव्या हातानं त्यांनी ती एकदा फिरवून पाहिली, मोकळी फिरते आहे अशी खात्री करून घेतली, आणि म्हणाले, "आता लाव क्लच. पण हळू."